हळदगिरणीचा पंखा

१९४८च्या शिमग्यात सांगलीच्या एका दवाखान्यात माझ्यापुढच्या बाकावर हळदगिरणीचे मालक मदनआण्णा आणि त्यांचा हमाल गुंडा बसले होते.

"धूळ बाहेर ओढणारा पंखा दीडशेचा, गुंडा. पण तारा, गवंडी, बसवणावळ धरली की तीनशेवर जातोय."

"मग दुसरा बघा की, आण्णा."

"दुसरा नव्वदचा. पण तो बसवायला मुंबईचा मिस्त्री आणायचा. बेरीज तीच. दोन वर्सं हेच चाललंय बघ."

"आवं, तवर भिंतीला भोक तरी पाडून ठेवा."

"पंख्याचं माप कळल्याशिवाय कसं पाडू? बरं, तुझं काय दुखतंय?"

"खोकला. बेडका पिवळा पडतोय."

"हळदच ती. पंखा बसला की थांबंल."

"आण्णा, दिवाळीपासनं मी गिरणीत पाऊल टाकलं न्हाई."