येळवशीआधीची भज्जी

तुमच्या हातानं पिकवलेलं कुणी न इचारता उचलून न्यायला दारात उभं राहिलं, तर तुमी काय कराल? आमच्या जमान्यात हा सवालच कुणी करत नव्हतं. द्यायचं अन् गप बसायचं.

माझं माहेर तेलगावचं, दिलं धारूरच्या डोंगराला, राज्य तव्हा निजामाचं. काय सांगू तुमाला, माहेरी काळी जमीन, अन् इथं येऊन बघते तर माती कमी, गोटे लई. सासूला आमी आत्याबाई म्हणायचो, लई तोंडाची बाई. येळवशीला, म्हंजी मार्गशीर्षातल्या अमावस्येला, आमी शेतात कडब्याची कोप, म्हंजी खोपटी, करतो, पांडव मांडतो, हिरव्या दाण्यांची भज्जी करून येईल त्याला जेवू घालतो, तर ह्या घरी भज्जीत वाटाणा वाळलेला, भिजवून घातलेला. मी म्हणलं, आत्याबाई, आमच्याकडं हिरवा असतो. तर म्हणती, मग तेलगावालाच जा की जेवायला.

मला ते लागलं. पुढच्या साली माहेराहून बी आणलं, पदरात बांधून. लोक दिवाळी झाल्यावर वाटाणा पेरायचे, मी दसऱ्याच्या आधीच उताराच्या तुकड्यात टोकला, तिथं पाणी थांबत न्हाई म्हणून बी कुजलं न्हाई. थंडी पडली, फुलं लागली, तसं वाऱ्याच्या बाजूनं कडब्याच्या पेंढ्या उभ्या करायच्या, ऊन आलं की काढायच्या, रोज. आमचे मालक, म्हंजी आत्याबाईंचा ल्योक, हसायचे, अगं वाटाणा हाय का बाळंतीण? पर पेंढ्या तेच वाहून आणायचे, ते बी खरं.

शेंगा भरल्या, येळवस तोंडावर आलती, अन् पाटलाचा शिपाई सांगून गेला, मोठ्या सायबाचा दौरा हाय, उद्या टोपली घेऊन येतो, हिरवा वाटाणा समदा लागंल. मोबदल्याचं नाव न्हाई. कोंबडीपासून सरपणापर्यंत अशीच वेठ चालायची. मी चुलीपुढं बसून रडले.

सकाळी बघते तर भांडी डोक्यावर घेऊन त्या शेताला निघालेल्या. म्हणल्या, चल, आज येळवस. मी म्हणलं, अमावस्या अजून व्हायचीय. म्हणल्या, ती पंचांगात. आपल्या घरी आज हाय. त्याच पेंढ्यांची कोप केली, पाच दगडांना चुना लावला, झाले पांडव, अन् होत्या नव्हत्या त्या शेंगा सोलून भज्जीत घातल्या. शिपाई आला, मालकाला म्हणतो, काय बे, येळवस आज कशी? आत्याबाई म्हणल्या, बस बाबा, येळवशीला आलेला उपाशी जात न्हाई, अन् शिजलेलं तुझ्या सायबाला चालत असंल तर ने. त्यानं भांड्यात बघितलं, पागोटं काढलं अन् बसला.

मी वाढायला उठले तर आत्याबाईंनी हात धरून मला खाली बसवलं, पहिली पळी माझ्या भाकरीवर. मालक बसलेले, परका माणूस बसलेला, अन् आधी सून. असं आमच्यात कुणी बघितलंच नव्हतं. म्हणल्या, खा, तुझं हाय. शिपाई मागून मागून जेवला, अन् पाटलाला जाऊन सांगितलं, शेंगा पोचट निघाल्या.

खऱ्या येळवशीला मग वाळलाच वाटाणा भिजवला.

आता आत्याबाई न्हाईत, मालक न्हाईत, ते राज्य बी गेलं, बरं झालं गेलं. मला आता डोळ्यानं दिसत न्हाई, पर थंडीत कुणी शेंग सोलली की वासानं तो दिवस जवळ येऊन बसतो. तुमी वाचणाऱ्यांनी एक करा. येत्या येळवशीला, न्हाईतर कोणत्या बी सणाला, जिनं शेंगा तोडल्या तिच्या ताटात आधी वाढा. पुरुष बसले असतील तर बसू द्या. तिनं घास घेतल्याबिगर तुमी घेऊ नका.