मामाच्या हृदयाचा स्कॅन

बापाची काळजी कशी करावी, ते आसगावच्या माह्या मामाच्या पोरायपासून शिका. मामानं शेतातल्या धानाच्या बांध्या अजून दोघा पोरायच्या नावावर केल्या नाही. तरी पोरायनं हट्टानं नागपूरले नेऊन त्याच्या हृदयाचा सीटी स्कॅन काढला. गाडी मीच चालवली.

डॉक्टर हसत म्हणाले, "नसांमध्ये कॅल्शियम अजिबात नाही. पुढची दहा वर्षं हार्ट अटॅकचा धोका फारच कमी."

मोठ्याचं तोंड उतरलं. "साहेब, मशीन बरोबर हाये ना? एकडाव पुन्हा पाहा ना."

लहान्यानं इचारलं, "दहाच्या आत काहीच नाही का?"

मामा शांतपणे शर्टाच्या गुंड्या लावत उठला.

"डॉक्टरसाहेब, आता या दोघायचाही काढा. माह्या मागं बांध्या करायले यातला कोण उरते, ते पाहून घेऊ."