लागतात, पण सुटत नाहीत!

...आणि वर लोक मलाच विचारतात, ‘काय सुबोध, आता ब्रेक लागतात ना?’ अहो, लागतात! तुम्हाला सांगतो, असे लागतात, असे लागतात की सुटतच नाहीत!

गाडी आमच्या अण्णांची. जुनी फियाट. अण्णा म्हणजे माझे वडील, जन्म गेला विक्रोळीच्या कारखान्यात, मेंटेनन्सला. त्यांनी जाहीर केलं, ‘गार्गीला लग्नाच्या हॉलवर मीच नेणार, माझ्याच गाडीतून.’ गार्गी म्हणजे माझी मुलगी, आजोबांची लाडकी, ती म्हणाली, ‘बाबा, मी दुसऱ्या गाडीत बसणारच नाही!’ झालं! आता जुने ड्रम ब्रेक, सिग्नल दिसला की पेडलवर पंप मारत बसायचं, आणि चालवणार ऐंशीच्या पुढचे अण्णा, मागे नवरी! म्हटलं, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवूया. मुलुंडला आमचा भीमराज मेकॅनिक, तो म्हणाला, ‘झकास काम करतो साहेब, बोटाने दाबा, गाडी उभी!’

उभीच राहिली हो! रात्रभर घरी ठेवून सकाळी काढली, भांडुपपर्यंत नीट, पुढे गाडी जड, मग चाकातून धूर, आणि कांजूरला ठप्प. जमलेली माणसं काय एकेक! ‘काका, पेट्रोल संपलं असेल.’ अरे धूर चाकातून येतोय ना रे! भीमराज आला, चाकाजवळची निपल जराशी सैल केली, ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं! ‘साहेब, प्रेशर अडकतंय, ऑइल परत जात नाही.’ मग त्याने पाइप बदलला, कॅलिपर खोलला, मास्टर सिलिंडर नवा टाकला, ट्रायल मारली, मख्खन! दुसऱ्या दिवशी मी गाडी काढतो... लागले! लागले ते सुटत नाहीत! भीमराज डोकं धरून बसला, ‘साहेब, माझ्याकडे चालते, तुमच्याकडेच का अडकते? कुणाची तरी नजर लागलीय, लिंबू बांधा.’ लिंबूही बांधलं, काय करता!

शेवटी लग्न तोंडावर आलं आणि एका सकाळी दूध आणायला खाली उतरतो तर काय, गाडीच्या दारातून दोन पाय बाहेर! अण्णा पेडलखाली आडवे, हातात पाना! ‘अण्णा, काय करताय?’ ‘अरे, हा भीमराज दरवेळी पेडलचा रॉड ढिला ठेवतो. मी कसून ठेवतो.’ अहो, ती ढील मुद्दाम ठेवलेली! ती नसेल तर पेडल पूर्ण मागे येत नाही, ऑइल आत कोंडतं, डिस्क धरून बसते! देव नवसाला पावावा तसं सगळं एकदम समजलं. मी समजावलं, हात जोडले, ओरडलोसुद्धा. अण्णा म्हणाले, ‘ढिलं सोडलेलं काम मला कधी पाहवलं नाही.’ पण गार्गीच्या शपथेवर कबूल केलं, हात लावणार नाही. तरी मी टूलबॉक्स माळ्यावर लपवला.

लग्नाचा दिवस. पैठणीत गार्गी, शेजारी करवली, अण्णा स्टिअरिंगवर कडक इस्त्रीत, बाजूला मी देवाचं नाव घेत. गाडी काय पळत होती! आणि कांजूरला... जड! मी ओरडलो, ‘अण्णा, हात लावलात?’ अण्णांचा चेहरा एवढासा झाला. ‘आज गार्गी बसणार होती रे... तिला काही होऊ नये म्हणून जरा जास्तच कसलं.’

मला रागही येईना, रडू यायला लागलं. गार्गीने मात्र रिक्षा थांबवली. ‘आजोबा, चला. बाबा, त्यांना उन्हात नको, तुम्ही थांबा गाडीपाशी.’ पैठणी, करवली, आजोबा, रिक्षा फुल्ल! गेली भुर्रकन. निपल सैल करावी म्हणून पाना शोधतो तर टूलबॉक्स मीच लपवलेला माळ्यावर, उरलेला एक पाना अण्णांच्या कोटाच्या खिशात, अण्णा रिक्षात! भीमराजला फोन लावला, तर तो हॉलवर, मीच आमंत्रण दिलेलं, जेवायला!

मुलीचं लग्न मी हायवेवर उभं राहून पाहिलं. मृणालिनीने, आमच्या सौभाग्यवतीने, व्हिडिओ कॉल लावून दिला. अंतरपाट दूर झाला, गार्गी हसली, अण्णा डोळे पुसत होते, आणि मी ‘शुभमंगल सावधान’ म्हणत मोबाइलसमोर टाळ्या वाजवतोय! माझ्या गाडीने लेन अडवलेली, मागून सगळे ट्रकवाले एकदम हॉर्न मारायला लागले. म्हटलं, वाजवा बाबांनो, नवरीच्या बापाला तेवढीच वाजंत्री!