मेहुण्यांचा हात

नाही, तुम्हीच मला सांगा, चाटायचं कशाला? आइस्क्रीम असतं तर मी समजून घेतलं असतं हो, पण ते आइस्क्रीम नव्हतंच! तुम्हाला सांगतो, स्टुडिओच्या दिव्यांखाली खरं आइस्क्रीम दोन मिनिटांत पाणी होतं, म्हणून आमच्या धंद्यात फोटोपुरता खोटा गोळा करतात, वनस्पती तूप, पिठीसाखर आणि कॉर्नफ्लोअर, आमची ही बसते मळत, एकेका गोळ्याला अर्धा अर्धा तास... आणि कोन धरायला हात कुणाचा? आइस्क्रीमवाल्या मालकांच्या मेहुण्यांचा. मालकांचं म्हणणं, घरचाच हात हवा. आता तो हात! नखं कुरतडून कुरतडून कडा फाटलेल्या, उरलीत त्यांत काळा मळ, अंगठा कालच्या जेवणाने अजून पिवळा, आणि हा फोटो चौकाचौकांत लागणार, एकेक बोट माझ्याएवढं! पण मी शांत. एकदम प्रोफेशनल.

शांत राहणं भागच होतं. आधीची दोन गिऱ्हाइकं मी माझ्याच तोंडाने घालवलीत, तिसरं गेलं असतं तर शटर खाली. ही सकाळीच म्हणाली होती, "आज तोंड उघडलंत ना, तर मी माहेरी जायची नाही, तुम्हाला पाठवीन." पुरुषाला कसलं आलंय माहेर, पण हिचा काय नेम...

तर पहिला गोळा ठेवला, मी कॅमेऱ्याला डोळा लावला, आणि मेहुण्यांनी लपकन जीभ फिरवली. खालून वरपर्यंत! हिने दुसरा केला. मी हात जोडून सांगितलं, साहेब, हे खायचं नसतं. हो हो म्हणाले, बोटं एकेक करून चोखली, आणि त्याच ओल्या बोटांनी कोन धरला. चमकतायत दिव्यात! दुसराही गेला. तिसऱ्याला तर चावाच घेतला, तूप मिशीत, मिशीतून हनुवटीवर, ते तळहाताने पुसलं, आणि तळहात माझ्या काळ्या पडद्याला... मी लेन्स पुसली. शांत. प्रोफेशनल.

तेवढ्यात मेहुणे शेजारी उभ्या मालकांना म्हणाले, "दाजी, आपल्या आइस्क्रीमपेक्षा हे बरंय."

म्हटलं, संपलं, आता मालक भडकणार. आणि मालकांनी काय करावं? तो उष्टा गोळा, त्यावर मिशीचा एक केस, माझ्या डोळ्यांदेखत... चाखला हो! वर डोळे मिटून हिला विचारतात, "वहिनी, प्रमाण काय घेतलंत?" ही माझ्याकडे बघतेय, मी छताकडे. शांत!

चौथ्या गोळ्याला मात्र जीभ बाहेर यायच्या आत मी बटण दाबलं. झाला फोटो. मालक खूश, माझी पाठ थोपटली, त्याच हाताने. म्हणाले, आधीचे तीन फोटोग्राफर अर्ध्यातून पळाले, तुमच्यासारखा शांत माणूस पाहिला नाही. पुढच्या आठवड्यापासून बारा फ्लेवर, सगळे तुमच्याकडेच, हात मेहुण्यांचाच. "त्यांना तुमच्याकडे अगदी मोकळं वाटतं."

मी म्हटलं, पाठवा की... फक्त जेवून यायला सांगा.