उद्यापनाचं मेहूण

तुम्ही आत्ता मेहुणाचं काढलंत, म्हणून आठवलं. एकाहत्तर साली माझ्या सोळा सोमवारांचं उद्यापन होतं. नवरा-बायको जोडीनं जेवायला हवीत, म्हणून मी मामा-मामींना बोलावलं. मामांनी शेत दोन्ही मुलांना वाटून दिलं होतं; मुलांनी मग आईबापही वाटून घेतले. मामा पुणतांब्याला, मामी काष्टीला. वर्षानं दोघं शेजारी पाटावर बसली.

"गुडघं लई दुखत्यात का गं?" मामांनी विचारलं.

"दुखत्यात. शेत वाटताना आपुन दोघांनी कुठं ऱ्हायचं, ते न्हाई इचारलंत पोरांना?"

"ते ठरवायचंच ऱ्हायलं."

पानातली पोळी गार झाली, तरी मामी उठेनात. निघताना मी ओटी भरली, तर हळूच म्हणाल्या, "पोरी, आता दुसरं व्रत कंदी धरतीस?"