पांढरं औषध

(ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर. स्ट्रेचरवर आई, तिचा हात घट्ट धरलेली मुलगी आणि भूलतज्ज्ञ.)

मुलगी : ...नाही म्हणजे नाही. ते भुलीचं पांढरं औषध तिच्या शिरेत देणार असाल तर मी सही करत नाही.

भूलतज्ज्ञ : अहो, सर्जन हात धुऊन आत उभे आहेत. रक्त पोचत नाही म्हणून पाय काळा पडायला लागलाय. ही घासाघीस करायची वेळ आहे का?

आई : भाजीच घेतेय जशी.

मुलगी : आई, तू गप्प बस! डॉक्टर, मी लॅबमध्ये हेच काम करते. रक्तवाहिनीला आतून पेशींचं अस्तर असतं, एकमेकींना खेटून बसलेल्या पेशी. परवा डिशमध्ये वाढवलेल्या तशाच पेशींवर मी हेच औषध घातलं. सकाळी बघते तर सगळ्या सुट्या सुट्या, कितीतरी मेलेल्या. आणि हिच्या वाहिन्यांची आधीच मधुमेहानं वाट लागलीय.

भूलतज्ज्ञ : किती घातलंत?

मुलगी : तुम्ही देता त्याहून जास्त. पण...

भूलतज्ज्ञ : आणि नुसतं तेल घातलेली डिश?

मुलगी : कसलं तेल?

भूलतज्ज्ञ : हे औषध पाण्यात विरघळत नाही, तेलात मिसळून ते तेल पाण्यात घोटून देतात. पांढरा रंग त्या घोटलेल्या तेलाचा. औषधाविना नुसतं ते घातलेली डिश शेजारी ठेवली होतीत ना?

मुलगी : शेजारी... सलाइनची ठेवली होती.

भूलतज्ज्ञ : मग पेशी औषधानं मेल्या की तेलानं, हे तुम्हाला कसं कळलं?

आई : लहानपणापासून असंच हिचं. सर्दी झाली की आइस्क्रीमवर आळ. रात्रभर पंखा फुल्ल होता, ते नाही सांगायची.

मुलगी : आई, चेष्टा नको गं! चुकले असेन मी. पण मेलेल्या पेशी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. भीती वाटते मला.

भूलतज्ज्ञ : तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. यांच्या वाहिन्या नाजूक आहेत, मलाही दिसतंय. कमीत कमी देईन, अगदी सावकाश. ब्लडप्रेशरवरची नजर काढणार नाही. पण पाय वाट बघत बसणार नाही.

आई : सही माझी मी करते. पाय माझा आहे. आणा तो कागद.

मुलगी : आई, थोडं थांब...

आई : ती तेलाची डिश उद्या लाव. आता हात सोड, बाळा. सुई त्याच हाताला आहे, दुखतंय.