टाकीतली काठी

देवेश : पण यंत्र सांगतंय ना काका, टाकी ऐंशी टक्के भरलीय म्हणून!

केसरीनाथ : यंत्र सांगतंय. काठी न्हाय म्हनते. ही बघा, टोक तेवढं रंगलंय. वर समदा फेस.

देवेश : मग पंप कशाने जळाला?

केसरीनाथ : टाकी खाली झाली तरी यंत्र म्हनतंय, भरलीय, ओढ. पंपानं ओढलं. पान्याबिगर किती फिरनार तो?

देवेश : कंपनीवाला तर म्हणाला होता, वरून आवाज सोडतं, पाण्यावर आपटून परत आला की पातळी कळते.

केसरीनाथ : फेसावर आपटला. डाईंगचं सांडपानी हाय शेट, साबनाचं. खालून हवा सोडली की पुरुषभर फेस चढतो.

देवेश : मग सकाळीच का नाही बोललात?

केसरीनाथ : तुमीच म्हनलात, टाकीकडं फिरकू नका, एक तारखेपासून घरी बसा. अठ्ठ्याऐंशी सालापासून काठी बुडवतोय. म्हटलं, शेवटच्या आठवड्यात तरी मालकाचं ऐकावं.

देवेश : टोमणे पुरेत. थांबा, त्यालाच विचारतो. हॅलो, मनोज? अरे, तुझ्या यंत्राने पंप जाळला माझा... हं... हं... बरं, ठेवतो.

केसरीनाथ : काय म्हनतो?

देवेश : म्हणतो, यंत्र उत्तम आहे. फक्त त्याच्याखाली फेस नको.

केसरीनाथ : डाईंगच्या टाकीत?

देवेश : दर तासाला कुणीतरी पाइपने पाणी मारून फेस बसवायचा. मग आकडा बरोबर येतो.

केसरीनाथ : कुनीतरी म्हंजे?

देवेश : तुम्ही. एक तारखेपासून.

केसरीनाथ : माझ्या जागेवर आनलं त्याला, आन् आता मी त्याच्या तैनातीला?

देवेश : घरी बसण्यापेक्षा वाईट आहे का?

केसरीनाथ : न्हाय. खोटं कशाला बोलू? वडप्याच्या गोदामांत विचारून आलो. पन्नाशीच्या वर कोन उभं करत न्हाय. जीव टांगनीला लागला व्हता माझा.

देवेश : झालं तर मग. आणि आकडा बरोबर येतोय का, तेही अधूनमधून बघत जा.

केसरीनाथ : कशानं बघू?

देवेश : ...काठीने. पण तपासणीला प्रदूषण मंडळाचे साहेब येतील तेव्हा ती यंत्राच्या मागे ठेवा. दिसायला नको.

केसरीनाथ : न्हाय दिसनार, शेट. इतकी वर्षं आमी दोघं कुनाला दिसलो?